तांडापेठेचे घर: चंपत आणि पियुषसाठी

मी, भारती ईश्वरदास हेडाऊ, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणी दटावले म्हणूनही नाही. माझे मन ठिकाणावर आहे. अशा कागदात हे वाक्य घालण्याची रीत आहे आणि बहुतेक लोक ते वकिलाने सांगितले म्हणून घालतात. मी ते तपासून घेऊन लिहीत आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेघा सहारे यांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील साहेब म्हणाले, "ताई, एवढं नाही लागत." मी म्हटले, लागेल. आमच्या घराचे नाव ऐकल्यावर उद्या जो कोणी कोर्टात उभा राहील, तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राचा एक खर्डा मात्र झाला होता. त्यातले एक कलम मी बदलले. ते का बदलले हे शेवटी येईल.

माझे वारस कोण ते आधी सांगते. माझे वडील ईश्वरदास हे मूळचे खाप्याचे, हातमागावर लुगडी विणत. आई मैनाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत असे. दोघेही हयात नाहीत. मागे धाकटा भाऊ चंपत आणि त्याहून धाकटी बहीण चारुलता. चंपत माझ्याजवळ राहतो. चारुलता लग्नानंतर धरमपेठेत असते. तिचे यजमान श्री. मोरेश्वर खानझोडे आणि मुलगा पियुष. एवढीच माणसे आहेत.

आईला स्किझोफ्रेनिया होता. तेव्हा हा शब्द आमच्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नव्हता. मागाच्या खटखटीतून शेजारच्या बाया आपल्याविषयी बोलतात, असे ती म्हणायची आणि कांडी हातात धरून ऐकत बसायची. वडील माग थांबवत, म्हणजे तिला बरे वाटेल, तर ती म्हणे, "आता हळू बोलून राहिल्या." वडिलांनी तिला पुष्कळ ठिकाणी फिरवले. शेवटी खाप्याला तिच्या भावाकडे नेऊन ठेवले. तिथे ती तापाने गेली. आम्ही तिघे भावंडे तेव्हा एका रांगेत बसलो होतो आणि आलेली प्रत्येक बाई आमची तोंडे एकेक करून पाहत होती. त्या नजरेचा अर्थ मला पुढे कळला. आता कोणाची पाळी, हे त्या पाहत होत्या.

पाळी चंपतची आली. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. बुद्धिबळात मोहल्ल्यात त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. आधी तो हरायला लागला. पुढची चाल डोक्यात धरता येत नाही म्हणायचा. मग खेळायचा थांबला. मग हसायचा थांबला. रेडिओवरचा माणूस आपल्याला टोमणे मारतो, हे तर फार नंतर आले. आम्ही त्या शेवटच्या गोष्टीला घाबरलो आणि आधीच्या गोष्टींना आळस म्हटले.

माझ्यासाठी उमरेडहून एक स्थळ आले होते. मुलाच्या आत्याने मला एकच प्रश्न तीन वेळा विचारला, उत्तर बदलते का ते पाहायला. तिसऱ्या वेळी मी म्हटले, "बाई, तुम्हाला ऐकू कमी येते का?" स्थळ गेले. त्या मंडळींना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. मागायला कोणी येणार नाही, पण लिहून ठेवलेले बरे.

कलम एक. घराबाबत. तांडापेठेतील दोन खोल्यांचे घर, मागची पडवी व वरची गच्ची वडिलांनी हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. चारुलताची त्यावर संमतीची सही आहे. ती सही करताना तिने मला सांगितले होते, "घर तू घे, चंपतही तू घे." मी दोन्ही घेतले.

या घरात चंपतला मरेपर्यंत राहण्याचा हक्क आहे. समोरची खोली त्याची. तिला रंग कोणता, खिडकी उघडी की बंद, हे तो ठरवील. त्याला "तुझ्या भल्यासाठी" म्हणून कुठल्या आश्रमात वा संस्थेत ठेवता येणार नाही. दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर बरे वाटल्यावर त्याला याच घरात परत आणावे. माझ्या आईला कोणी परत आणले नाही.

चंपतविषयी, जे त्याच्याजवळ राहतील त्यांच्यासाठी. तो सकाळी भाजी आणतो, चहा करतो, माझ्या पडद्यांना कड्या लावतो. कमी बोलतो. चेहरा हलत नाही. वडील गेले तेव्हा तो तसाच बसून होता आणि लोक म्हणाले, याला काही कळत नाही. स्मशानातून आल्यावर त्याने वडिलांच्या मागाला हात लावून मला विचारले, "ताई, आता हा कोणासाठी उभा ठेवायचा?" तेव्हा त्याला काय वाटते ते त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवू नये. त्याला विचारावे. उत्तर उशिरा येते, तोवर थांबावे.

कलम दोन. बँकेतील ठेवी व पोस्टातील रक्कम यांचे तपशील जोडपत्रात आहेत. ती सर्व रक्कम चंपतच्या औषधांसाठी आणि त्याच्या जेवण्याखाण्यासाठी. त्याच्यामागे जे उरेल ते पियुषचे. व्यवस्थापक म्हणून मी श्री. मोरेश्वर खानझोडे यांना नेमते. यावर लोकांना आश्चर्य वाटेल, कारण अनेक वर्षे या गृहस्थांना मी नागपुरात आहे हेच माहीत नव्हते.

ते असे झाले. चारुलता सदरला एका ऑफिसात होती, तिथे तिचे मोरेश्वररावांशी जमले. त्यांच्या घरी तिने सांगितले की आईवडील गेले, भाऊ टायफॉइडने गेला, बहीण सुरतला असते. लग्न रजिस्टर झाले. मला तिने नंतर दुकानात येऊन सांगितले. मी तेव्हा सदरला एका पडद्यांच्या दुकानात शिवत होते. म्हणाली, "ताई, त्यांना चंपतचं समजलं असतं तर माझंही तुझ्यासारखंच झालं असतं." मी मशीन चालवत राहिले. वर्षातून एकदा ती यायची, कापड दाखवल्यासारखे करायची आणि जायची.

मध्यंतरी डॉ. सहारे यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. ज्यांच्या घरी हा आजार आहे, पण स्वतःला नाही, अशी भावंडे त्यांना हवी होती. मी गेले. आकडे सांगत आणि उलटे म्हणायला लावत. पडद्यावर अक्षरे येत, एक ठरावीक अक्षर आले की बटण दाबायचे. मग माणसांचे फोटो: हा रागात आहे, घाबरला आहे, दुःखी आहे की काही नाही. आकड्यांत मी मागे पडले. फोटोंत तर फार चुकले. जिथे काही नव्हते तिथे मी राग सांगितला.

मी डॉक्टरांना विचारले, "म्हणजे मलाही आहे?"

त्या म्हणाल्या, "नाही. घरात आजार असला की निरोगी भावंडांतही असं थोडं जास्त दिसतं. लक्ष राहायला, आकडे धरून ठेवायला, चेहरे वाचायला जरा जड जातं. सगळ्यांनाच नाही. आणि एवढ्यावरून कोणाला आजार होईल, कोणाला नाही, हे कुणीच सांगू शकत नाही."

मी घरी चालत आले. चाळिशी उलटेपर्यंत रोज सकाळी उठल्यावर मी पहिले काम हे करत असे की डोक्यात दुसऱ्या कोणाचा आवाज तर नाही ना, हे ऐकायचे. त्यात किती सकाळी गेल्या. आणि आयुष्यभर मला वाटे की गिऱ्हाईक, शेजारी, पाहुणे, सारे माझ्यावर चिडलेले आहेत. त्यातले निम्मे नुसतेच उभे असतील. तेव्हापासून मी विचारू लागले. "रागावलात का?" म्हणून सरळ विचारायचे. लोक दचकतात, पण सांगतात.

त्यानंतर काही वर्षांनी चारुलता दुकानात आली ती कापड न पाहताच बसली. पियुष इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाली, "त्याले वर्गातलं समजत नाही म्हणते. मित्र सोडले. जेवताना घास हातात धरून बसते. हसत नाही, ताई. तू चंपतले पाह्यलं आहे. तू एकदा येऊन पाह्य ना वं."

"तुझ्या घरी काय म्हणून येऊ?"

ती खाली पाहून म्हणाली, "पडदेवाली म्हणून ये."

मी गेले. टेप, पेन्सिल, कापडाचे नमुने घेऊन माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी पडदेवाली म्हणून गेले. मोरेश्वरराव दिवाणखान्यात पेपर वाचत होते. त्यांनी मला पाणी द्यायला सांगितले. पियुष त्याच्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून होता. मी खिडकी मोजू लागले. दोनदा मोजली.

तो म्हणाला, "पडद्याचं माप घेऊन राहिल्या, का माझं?"

खोटे बोलायचे मला त्या दिवशी फार जड वाटले. मी म्हटले, "तुझं."

"काहून?"

"तुझ्या आईला भीती वाटून राहिली."

"तुम्ही कोण?"

"तुझी मोठी मावशी. भारती."

"मावशी तर सुरतला असते."

"मी कधी सुरत पाहिली नाही, बाबा."

त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना, म्हणून मी विचारले, "रागावलास का? का घाबरलास?"

"घाबरलो," तो म्हणाला. मग आपणहून बोलला. सर शिकवतात तेव्हा शब्द ऐकू येतात, पण वाक्य जुळत नाही. पहिला अर्धा भाग दुसरा येईपर्यंत निसटतो. मागच्या बाकावर पोरे हसली की आपल्यालाच हसली असे वाटते; नाही हे माहीत असते तरी वाटते. "मले हे कोणी विचारलंच नाही आतापर्यंत. सगळे नुसते पाहतात."

"तुझ्या मामालाही असंच सुरू झालं होतं," मी म्हटले.

"म्हणून वारला तो?"

"वारला कुठे? सकाळी मेथी आणून दिली त्यानं मला."

पियुष उठून बसला. "अहो, आमच्याकडे सर्वपित्रीला त्याचं पान असते. बाबा पाणी सोडतात त्याच्या नावानं."

हे मला माहीत नव्हते. दाराशी चारुलता चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या मागे मोरेश्वरराव, पेपर हातातच.

मला वाटले हा माणूस आता तिला घराबाहेर काढेल. पण हे मी त्याच्या चेहऱ्यावरून म्हणत होते. तो फक्त एवढेच म्हणाला, "मी नाही म्हणेन हे तूच ठरवून टाकलंस, चारू. एकदा विचारायचं तर होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं ते सांगा. आज नेऊ."

त्याच दिवशी नेले. डॉ. सहारे यांनी लगेच कोणतेही नाव दिले नाही. झोप सांभाळा, कोणतीही नशा नको, दर महिन्याला दाखवा म्हणाल्या. आजार पुढे आलाच. आम्ही लवकर गेलो म्हणून तो टळला, असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. पण त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू आले तेव्हा त्याने त्याच दिवशी वडिलांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी औषध सुरू झाले. चंपतला औषध मिळेपर्यंत आम्ही वर्षे घालवली होती. पियुषने इंजिनिअरिंग सोडले. मध्ये एकदा भरती व्हावे लागले. आता सदरला एका छापखान्यात डिझाइनचे काम करतो. सावकाश करतो, चांगले करतो, असे त्याचे मालक म्हणतात.

पियुषला डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेले, त्याच्या पुढच्याच रविवारी मोरेश्वरराव तांडापेठेत आले होते. चंपतने त्यांना खुर्ची दिली. ते बसेनात. म्हणाले, "भाऊ, मी इतकी वर्षं तुमच्या नावानं पाणी सोडलं हो."

चंपत नेहमीप्रमाणे थांबला. मग म्हणाला, "पानात वडे होते काय गा?"

"होते."

"मग एकदा जिवंतपणी वाढा."

त्या वर्षी दिवाळीत चंपत धरमपेठेत जेवला. मोरेश्वररावांनी स्वतः वाढले. म्हणून ते व्यवस्थापक.

कलम तीन. चारुलताला वडिलांनी विणलेले शेवटचे लुगडे, लाल रेशमी काठाचे. ते कपाटात वरच्या खणात आहे. तिने ते नेसावे, ठेवून देऊ नये. जिवंत भावाचे पान वाढल्याचा राग माझ्या मनात आहे. बराच थकला आहे, पण आहे. तो मी कोणाच्या वाट्याला घालत नाही. पियुष वा त्याच्या घरच्यांनी तो माझ्यावतीने चालवू नये. तिलाही आमच्यासारखेच एका रांगेत बसवून पाहिले होते आणि ती सर्वांत लहान होती.

कलम चार. माझे मोटरचे मशीन, इंटरलॉकचे मशीन आणि मोठी कात्री रोशनी शेंडे हिला. ती माझ्याकडे शिकली, आता तिची स्वतःची गिऱ्हाइके आहेत. धार लावायला कात्री फेरीवाल्याकडे देऊ नये.

कलम पाच. माझे अंत्यसंस्कार साधे करावेत. अग्नी चंपतने द्यावा. वेड्याच्या हाताने नको, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी घरी बसावे. चंपत त्या दिवशी उठू शकला नाही तर ओढून नेऊ नये, पियुषने द्यावा. मी गेल्याचे चंपतला सरळ शब्दांत सांगावे. बाहेरगावी गेली वगैरे सांगू नये.

कलम सहा. हे मिळकतीबाबत नाही. वकील साहेब म्हणाले याला कायद्यात किंमत नाही. तरी राहू द्यावे. पियुषचे लग्न ठरले तर मुलीला आधी सर्व सांगावे, पियुषनेच सांगावे. मूल झाले तर त्या मुलाच्या हसण्यारडण्यावर पहारा ठेवू नये. उशिरा बोलले, एकटे खेळले, गणितात चुकले, तर ते उशिरा बोलणारे, एकटे खेळणारे, गणितात चुकणारे मूल आहे. मात्र पुढे कधी ते आपल्या जुन्या स्वभावातून हळूहळू निघून जाताना दिसले तर त्याला विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. लपवू नये.

कलम सात. चंपतच्या पश्चात घर कोणाचे. पहिल्या खर्ड्यात मी असे लिहिले होते: "पियुषची प्रकृती ठीक राहिल्यास व तसा डॉक्टरांचा दाखला असल्यास घर त्याच्या मालकीचे होईल, अन्यथा विकून रक्कम व्यवस्थापकाकडे राहील." वकील साहेबांनी सुचवले आणि मलाही ते शहाणपणाचे वाटले. माझ्यामागे चंपतसोबत या घरात पियुषलाच राहायचे आहे, म्हणून मी तो खर्डा त्याला वाचायला दिला.

त्याने तो माझ्यासमोर, बोट ठेवून, ओळीओळीने वाचला. मग म्हणाला, "मावशी, ही अट काढा, नाहीतर माझं नाव काढा."

मी म्हटले, "ती तुझ्यासाठीच आहे रे."

"मामाचा हक्क लिहिला त्यात ठीक राहण्याची अट कुठं आहे? ते तर ठीक न राहताच राहिले इथं. मी रोज सकाळी उठून तेच पाहतो, आज ठीक आहो का नाही. आता घरही तेच पाहणार काय?"

रोज सकाळी उठून तेच पाहणे म्हणजे काय, हे मला या घरात सर्वांत जास्त माहीत आहे आणि मीच त्याच्यासाठी ते कागदावर लिहून ठेवत होते. मी वकील साहेबांकडे जाऊन ते कलम खोडायला सांगितले.

वकील साहेबांनी पेन थांबवले. "ताई, नीट विचार करा. तो पुन्हा आजारी पडला तर?"

"पडला तर स्वतःच्या घरात पडेल," मी म्हटले.

म्हणून कलम सात आता असे आहे: चंपतच्या पश्चात तांडापेठेचे घर पियुष मोरेश्वर खानझोडे याच्या पूर्ण मालकीचे होईल. तो बरा असो वा नसो. त्याला व्यवहार पाहणे जमत नसेल तेवढा काळ व्यवस्थापकाने पाहावे, पण घराची किल्ली पियुषजवळच राहील.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मोठ्याने वाचून घेतला आणि मला समजला. खाली नमूद केलेल्या दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे आणि त्यांनीही माझ्यासमोर केली आहे. यात त्यांच्या वाट्याला काही नाही, हे त्यांना सांगितले आहे.

ठिकाण: नागपूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: (सही) भारती ईश्वरदास हेडाऊ

साक्षीदार:
१. (सही) पार्वतीबाई गोविंदा पराते, राहणार तांडापेठ, नागपूर
२. (सही) धम्मानंद धोंडबा मेश्राम, राहणार सदर, नागपूर

सोबत: डॉ. मेघा सहारे यांचा दाखला, एक प्रत. ठेवींच्या तपशिलाचे जोडपत्र